एक तास, वीस ग्राहक : समूह-व्यायाम शिकविण्याचा धंदा

कापडाच्या दुकानात न विकलेले ठाण फळीवर पडून राहते. आज गेले नाही तर ईदला जाते, ईदला गेले नाही तर लग्नसराईत जाते, अगदीच नाही तर कटपीसमध्ये काढता येते. आज ज्या धंद्याचा विचार करावयाचा आहे, त्यात ही सोय नाही. त्यात विकावयाचा माल म्हणजे सकाळी दहा ते अकरा हा एक तास. तो रिकामा गेला की गेला. गोदामात ठेवता येत नाही. मात्र दुसऱ्या बाजूने पाहिले तर यासारखा फायद्याचा मालही नाही. वीस शर्ट विकावयाचे तर वीस शर्ट खरेदी करावे लागतात. येथे तोच एक तास एकाच वेळी वीस जणांना विकता येतो आणि विसाव्या ग्राहकासाठी एक पैसाही जादा खर्च होत नाही.

हा धंदा म्हणजे समूह-व्यायाम शिकविण्याचा. शहरात त्याला एरोबिक्सचा क्लास, फिटनेस क्लास, हल्ली सर्रास झुंबा म्हणतात. एक इन्स्ट्रक्टर समोर उभा राहतो आणि पंधरा-वीस-पंचवीस लोकांकडून ठोक्यावर एकत्र व्यायाम करून घेतो. एका ग्राहकाला एकट्याला शिकविणारा पर्सनल ट्रेनर वेगळा, आणि लोखंड-यंत्रे घेऊन बसलेला जिमवाला वेगळा. जिमला लाखोंचे भांडवल लागते. याला लागते ती जागा, आवाज, अंग आणि हुनर.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे काही बांधव विचारतील. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील आपल्या मोहल्ल्यांतून फिरून पाहा. दर दुसऱ्या घरात पदवी घेतलेली मुलगी आहे. शाळेत जागा निघत नाही, दूर नोकरीला पाठवावयास घरचे तयार नाहीत. त्याच गल्लीत चाळिशीच्या पुढच्या बायका आहेत, ज्यांना शुगर आहे, गुडघे दुखतात, आणि डॉक्टरांनी "रोज चालत जा" असे सांगितले आहे. चालावयाचे कोठे? गल्लीत मोटारसायकली, मैदानावर मुले, आणि जिममध्ये पुरुष. आयसीएमआरच्या पाहणीचे जे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२४ साली लॅन्सेटच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी आहे. गिऱ्हाईक आहे, गरज आहे, कारागीर होऊ शकेल अशी मुलगीही आहे. फक्त दुकान नाही. व्यापाऱ्याला याहून जास्त काय सांगावयाचे?

आक्षेप येतो तो "नाचगाण्याचा". त्याबद्दल एवढेच सांगतो की मराठीत कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात आणि शिकविणाऱ्याला वस्ताद. तालीम हा शब्द आपल्या अरबी-उर्दूतला, अर्थ शिक्षण. वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. पहिलवान हा शब्द फारसीतला. कोल्हापूरच्या मातीत ज्याला तालीम म्हणतात, ती आपल्याला परकी कशी? राहिला प्रश्न संगीताचा. त्यात घराघरांत मतभेद आहेत, मी त्यात पडत नाही. पण संगीतावाचूनही क्लास चालतो. टाळी, तोंडाने मोजलेले आकडे किंवा मोबाईलवरचा साधा मेट्रोनोम पुरेसा होतो. स्त्रियांसाठी स्त्री इन्स्ट्रक्टर, बंद दरवाजा आणि पडदा एवढी व्यवस्था झाली की निम्मे आक्षेप आपोआप गळून पडतात.

हा धंदा उभा कसा राहिला

१९६८ साली अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक निघाले आणि हा शब्द जगभर गेला. पण धंद्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी हकीकत दुसरीच आहे. शिकागोजवळ इव्हॅन्स्टन येथे ज्यूडी शेपर्ड मिसेट नावाची बाई नृत्य शिकवीत असे. बायका येत आणि थोड्याच दिवसांत सोडून जात. तिने विचारपूस केली तेव्हा उत्तर मिळाले की आम्हाला नर्तकी व्हावयाचे नाही, फक्त अंग तसे सुडौल हवे आहे. १९६९ साली तिने शिकविण्याची पद्धतच बदलली. अवघड पावले काढून टाकली आणि बायकांची तोंडे आरशाकडून स्वतःकडे फिरविली, म्हणजे आपल्या चुका पाहून कोणी लाजणार नाही. वर्ग भरू लागले. हाच पुढे जॅझरसाइज झाला.

यात दोन गोष्टी व्यापाऱ्याने टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, तिने आपल्या कलेचा माल ग्राहकावर लादला नाही. ग्राहकाला कोणता माल हवा ते विचारले. दुसरी, पुढे कॅलिफोर्नियात तिचे क्लास इतके वाढले की रोज ओरडून ओरडून आवाज बसला आणि १९७० च्या दशकात तिला इतर बायका शिकवून तयार कराव्या लागल्या. त्यांतल्या काही लष्करी कुटुंबांतल्या होत्या. नवऱ्याची बदली होईल तेथे त्या हा क्लास घेऊन गेल्या आणि शाखा अशा पसरल्या.

झुंबाची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. कोलंबियातील काली शहरचा बेटो पेरेस याचा हा प्रकार. २००१ साली अमेरिकेत त्याची कंपनी झाली. कंपनी इन्स्ट्रक्टरच्या क्लासच्या उत्पन्नात वाटा मागत नाही, नवीन संगीत आणि पावले पुरविण्याची मासिक वर्गणी घेते. येथे एक इशारा देणे जरूर आहे. झुंबा हे नोंदलेले व्यापारी नाव आहे. परवाना नसताना ते फलकावर लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या मिलचा शिक्का आपल्या ठाणावर मारणे. "महिला व्यायाम वर्ग" असे लिहावे, गिऱ्हाईक येते.

काय शिकावे लागते

डॉक्टर किंवा वकिलाप्रमाणे या कामाला सरकार सनद मागत नाही. त्यामुळेच बाजारात आठवडाभरात "इंटरनॅशनल सर्टिफिकेट" देणारे पुष्कळ आहेत. कापड घेताना आपण काठावरचा शिक्का पाहतो, तसे येथेही पाहावे. आपल्या देशात क्रीडा व फिटनेस क्षेत्रासाठी कौशल्य परिषद आहे, तिच्या मान्यतेचे अभ्यासक्रम चालतात. परदेशी संस्थांपैकी १९८५ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजचे समूह-व्यायामाचे स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि हृदय बंद पडल्यास करावयाच्या प्रथमोपचाराचा, म्हणजे सीपीआरचा, दाखला लागतो. मुलीने बी.पी.एड. केले असेल तर पाया पक्का आहे. कोणताही कोर्स घेण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : प्रत्यक्ष वर्गासमोर उभे करून परीक्षा घेणार का, आणि सीपीआर पुतळ्यावर हाताने करून घेणार का? दोन्हींचे उत्तर "नाही" असेल तर तो कागद फ्रेम करण्यापुरताच.

प्रमाणपत्रानंतरचे खरे हुनर उभे राहून शिकावे लागते. एखाद्या चांगल्या इन्स्ट्रक्टरच्या मागे तीन-चार महिने उमेदवारी करावी. दर्जीच्या दुकानात पोरगा आधी काजे-बटण करतो, मग कात्री हातात घेतो, तसेच.

या हुनरात मुख्य तीन बाबी आहेत. पहिली मोजणी. व्यायामाची पावले ३२ ठोक्यांच्या पट्टीत बसवितात. आठ-आठचे चार भाग. आपल्या विणकर बांधवांना हे सांगावयास नको. डिझाइनचा रिपीट चुकला की सारे थान बिघडते. दुसरी गोष्ट इशारा. पाऊल बदलावयाचे असेल तर ते बदलण्याच्या आधीच्या चार ठोक्यांत सांगावे लागते. बदलल्यावर सांगितले तर वीस माणसे वीस दिशांना जातात. तिसरी गोष्ट आरशासारखे शिकविणे. वर्गाकडे तोंड करून उभे असताना त्यांना "उजवा" म्हणावयाचे आणि स्वतः डावा पाय उचलावयाचा. हे सोपे वाटते. घरी करून पाहावे.

एका तासाची मांडणी साधारण अशी असते : आठ-दहा मिनिटे अंग गरम करणे, अर्धा तास दम लागेल असा व्यायाम, दहा-बारा मिनिटे स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि शेवटी हळूहळू थंड होऊन अंग ताणणे. दम किती लागू द्यावा याची सोपी कसोटी आहे : बोलता यावे, गाता येऊ नये. बोलताही येत नसेल तर वेग कमी करावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तीन तासांचा क्लास या दोन्ही गोष्टी पुऱ्या करतो. ग्राहकाला फी कशाची ते सांगताना हा हिशोब कामी येतो.

सिमेंटच्या किंवा लादीच्या जमिनीवर उड्या मारावयास लावू नये. नळगुडघे आणि घोटे तिच्याने जातात, आणि आधी इन्स्ट्रक्टरचे जातात, कारण ती रोज असते. एक पाय सतत जमिनीवर राहील असे व्यायामही भरपूर घाम काढतात.

हिशोब

आता आकड्यांकडे वळू. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. आपापल्या गावचे घालून पाहावेत. हॉल तासाला २५० रुपये, आठवड्याला तीन दिवस, महिन्याला १२ तास : भाडे ३,००० रुपये. स्पीकरची झीज, हँडबिल, रिक्षा, किरकोळ : १,००० रुपये. एकूण खर्च ४,०००. फी माणशी ५०० धरली तर आठ बायका खर्च भागवितात. नववीपासून पुढचे पैसे घरी जातात. वीस झाल्या तर उत्पन्न १०,००० आणि शिल्लक ६,०००. अशा चार बॅच केल्या तर शिल्लक २४,०००.

चारच का, आठ का नाही? कारण येथे यंत्र म्हणजे शरीर. चार बॅच म्हणजे आठवड्याला १२ तास उड्या, बैठका आणि ओरडणे. पॉवरलूमला तीन पाळ्या चालतात, गुडघ्याला चालत नाहीत. म्हणून कमाईला वरची मर्यादा आहे हे पहिल्याच दिवशी ओळखावे, डोक्याला लावावयाचा लहान माइक पहिल्या नफ्यातून घ्यावा, आणि वर्षभरात दुसरी मुलगी तयार करावयास घ्यावी.

जागेच्या बाबतीत दुकानदारी डोके वापरावे. डिपॉझिट भरून गाळा घेऊ नये. ज्याचा तास रिकामा जातो त्याच्याकडून तास घ्यावा. शादी हॉल आणि जमातखाने आठवड्याच्या मधल्या सकाळी रिकामे असतात. उर्दू शाळेचा मोठा वर्ग दुपारच्या पाळीपर्यंत मोकळा असतो. फक्त लग्नसराईत हॉल गेला तर पर्यायी दिवस कोणता, हे आधी लिहून घ्यावे. एवढ्या खर्चाच्या धंद्याला कर्ज काढावे लागत नाही, म्हणजे व्याजाचा प्रश्नच उभा राहत नाही. आपल्या समाजासाठी मला यातली हीच मोठी बरकत वाटते.

कागदपत्रे थोडी आहेत. उद्यम नोंदणी मोफत होते. महाराष्ट्रात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळांवरचा हा कर १८ वरून ५ टक्के झाला आहे, तो मोठ्यांनी पाहावा. क्लासमध्ये ध्वनिमुद्रित गाणी वाजविणार असाल तर त्याच्या हक्काचा परवाना घ्यावा लागतो.

माल खरा सांगावा

"महिन्यात दहा किलो कमी" असे फलक जागोजाग दिसतात. हिशोब करून पाहू. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तासाभराच्या क्लासमध्ये साधारण ३०० ते ५०० जातात. महिन्याच्या १२ क्लासमध्ये सरासरीने ४,८०० झाल्या. म्हणजे खाणे तेच ठेवले तर एक किलोही पुरता उतरत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. दहा किलोचा फलक हे ओले धान्य आहे. जे खरोखर मिळते तेही कमी नाही : जिना चढताना दम कमी लागतो, झोप लागते, काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि पाठ सरळ होते. तेवढेच सांगावे. तिसऱ्या महिन्यात बाई स्वतःच शेजारणीला घेऊन येते.

फीच्या बाबतीतही तसेच. आमच्या भागात एका जिमवाल्याने वर्षाची फी आगाऊ घेतली आणि चार महिन्यांत कुलूप लावून गेला. पैसे भरलेल्यांत माझी भाचीही होती. त्या गल्लीत आता कोणीही क्लास काढला तरी लोक आधी तोच किस्सा सांगतात. फी महिन्याची घ्यावी, पावती द्यावी, आणि क्लास आपल्या बाजूने बुडाला तर दिवस भरून द्यावा. आगाऊ आलेला पैसा ही अमानत आहे; काम होईपर्यंत तो आपला नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकीकडून एक छोटा फॉर्म भरून घ्यावा. यासाठी पार-क्यू नावाची सात प्रश्नांची यादी जगभर चालते : हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर, सांध्याचे दुखणे, चालू औषधे अशा विषयांचे प्रश्न. एकाला जरी "होय" असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला, मग क्लास. उर्दू आणि मराठी दोन्हीत छापावा, आणि जिला वाचता येत नाही तिला आपण वाचून दाखवावा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणारी बाई उपाशीपोटी आली तर साखर एकदम उतरू शकते. हॉलमध्ये ग्लुकोज किंवा साखरेचा डबा ठेवावा.

आणि मोबाईल. स्त्रियांच्या वर्गात दरवाज्याशी एक टोपली ठेवावी, सर्वांचे मोबाईल त्यात, इन्स्ट्रक्टरचाही. जाहिरातीसाठी वर्गाचा व्हिडिओ काढण्याचा मोह होतो. एक व्हिडिओ बाहेर गेला तर वीस घरांचे दरवाजे बंद होतात, आणि ते पुन्हा उघडत नाहीत.

कपड्याचा प्रश्न

हा माझा प्रांत, म्हणून थोडे जास्त लिहितो. आपल्या बायका क्लासला सुती सलवार-कमीज घालून येतात. सूत घाम शोषून घेते हे खरे, पण सोडत नाही. अर्ध्या तासात कपडा जड होऊन अंगाला चिकटतो. व्यायामाला पॉलिएस्टरचे विणलेले, म्हणजे होजिअरीचे, हलके कापड चांगले. घाम पृष्ठभागावर येऊन उडून जातो. ताण हवा असेल तेथे थोडे लायक्रा. कमीज गुडघ्यापर्यंत सैल चालेल, पण सलवारीची मोहरी रुंद नको; पायाखाली येते आणि माणूस तोंडावर पडतो. ओढणीची टोके मोकळी नकोत.

असा सैल, पूर्ण बाह्यांचा, डोके झाकणाऱ्या बसत्या टोपीसह तयार जोड आपल्या बाजारात शोधूनही सहज मिळत नाही. नाइकेने २०१७ साली खेळाचा हिजाब बाजारात आणला. फिफाने २०१४ साली फुटबॉलमध्ये डोके झाकण्यास परवानगी दिली होती. मोठ्या कंपन्यांनी गिऱ्हाईक ओळखले. कापड तिरुपूर, लुधियाना, सुरत येथे तयार आहे; शिलाईचे हात आपल्या मोहल्ल्यात आहेत. वीस बायकांचा एक क्लास म्हणजे चाळीस जोडांची पहिली ऑर्डर. दर्जी बांधवांनी इन्स्ट्रक्टरला भेटून माप ठरवावे.

पुरुषांचाही एक क्लास राहून गेला आहे. दिवसभर मशीनवर वाकलेला दर्जी, जरीकामावर पाय दुमडून बसणारा कारागीर आणि गादीवर टेकून बसणारा माझ्यासारखा दुकानदार, यांच्या कमरेची स्थिती सर्वांना माहीत आहे. फजरच्या नमाजानंतर दुकान उघडेपर्यंत वेळ मोकळा असतो. पाठ, कंबर आणि मांड्यांचा अर्ध्या तासाचा वर्ग, तोही मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एखाद्या तरुणाने सुरू करावा. आठ माणसे मिळावयास अडचण नाही.

भागीदारी आणि रमजान

मुलगी शिकविणार आणि वडील किंवा मामा कोर्सची फी, स्पीकर, चटया यांचा खर्च करणार असतील तर ते घरातले म्हणून तोंडी ठेवू नये. आपल्याकडे मुजारबतचा रिवाज आहेच : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफ्याचा वाटा प्रमाणात ठरवावा, निम्मा किंवा तिसरा हिस्सा. महिन्याला अमुक रक्कम असा बांधून घेऊ नये. निष्काळजीपणा नसताना तोटा झाला तर भांडवल देणाऱ्याचे पैसे जातात आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत. मुलीची कमाई तिची आहे, हेही त्याच कागदावर लिहावे.

रमजानमध्ये क्लास निम्म्यावर येतो, म्हणून वर्षाचे बजेट अकरा महिन्यांचे धरावे. ज्यांना चालू ठेवावयाचे आहे त्यांच्यासाठी असरनंतर फक्त अंग ताणण्याचा हलका वर्ग ठेवता येतो, किंवा तरावीहनंतर पुरेसे पाणी प्यालेल्यांसाठी अर्धा तास. चंद्राच्या हिशोबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० साली तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेर दुसऱ्यांदा सुरू होईल. नव्या वर्षाच्या उत्साहात लोक क्लासला नाव घालतात ते जानेवारीत, त्यामुळे त्या काळात नवीन बॅच शव्वालमध्ये उघडाव्या लागतील. हँडबिलावर इंग्रजी तारखेसोबत हिजरी तारीखही छापावी.